बारा ते दोनची सुट्टी

कोपरीत आमच्या समोर राहणाऱ्या बाई घरीच शिकवण्या घेतात. पुढे आपली मुलं शाळेतून आली की आई घरात हवी, म्हणून लग्नाआधीच त्यांनी इंजिनिअरिंगचा प्रवेश सोडला होता. मूल मात्र झालंच नाही. तरी मुलाच्या जेवणासाठी ठरवलेल्या बारा ते दोन या वेळात त्या अजून कुणालाच शिकवत नाहीत.

रविवारी त्याच वेळात त्या आमच्याकडे आल्या. माझी मुलगी कॉलेजांच्या पसंतीची कच्ची यादी करत होती. "अगं, घर सांभाळून होईल असं घे," म्हणत बाईंनी पहिलं, इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव खोडरबराने पुसलं आणि चुरा फुंकला.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. रोज रात्री आठला ऑफिसातून घरी येणारी मी, तिची आई, कागदावर उरलेला चुरा झटकू लागले.