डीचम्माचं नातं लागेना

कोडगूतल्या लग्नात निम्मा वेळ कुणाच्या पाया पडायचं आणि कुणाला आशीर्वाद द्यायचा यातच जातो. डीचम्माचा यात लहानपणापासून गोंधळ. एकदा तिनं मामा समजून ज्याचे पाय धरले तो नात्यानं तिचा भाचा निघाला, आणि त्यानं चेहऱ्यावर हसू न आणता आशीर्वादही देऊन टाकला.

मोठेपणी ती बंगळूरला प्रोग्रॅमर झाली आणि सुट्टीच्या दिवसांत तिनं नाती सांगणारा प्रोग्रॅम लिहिला. फोनवर दोन नावं घालायची. मग तो आईकडून आजीकडे, आजीकडून पणजीकडे चढत जाई आणि दोन्ही घराणी जिथं भेटतील तिथून नातं काढी. पण होता भलता मंद. तिच्याच साखरपुड्यात कावेरम्मा मावशी फोनवरचं फिरणारं चक्र बघत बसली आणि शेवटी म्हणाली, "अगं, हा नातं शोधतोय की सोयरीक जमवतोय?"

हे डीचम्माच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन तपासलं तर प्रत्येक प्रश्नाला प्रोग्रॅम त्याच पणजीपर्यंत पुन्हा पहिल्यापासून चढत होता. तिनं चार ओळी वाढवल्या: एकदा काढलेलं उत्तर मेमरीत राहू दे, तीच दोन नावं पुन्हा आली की तेच काढून दे. तीच नावं दुसऱ्यांदा घातली, तर बोट उचलायच्या आत उत्तर. ती स्वयंपाकघरात अनवाणी नाचली आणि होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

"बोप्पण्णा, काहीही विचार."

"जेवलीस का?"

"नातं विचार रे, नातं."

लग्नाच्या दिवशी जो तो तिचा प्रोग्रॅम उघडून बसला. सकाळी मावशीनं सहज नवरानवरीचीच नावं घातली. उत्तर आलं, 'नातं नाही.'

"बरंय, म्हणजे लग्नाला हरकत नाही," मावशी म्हणाली.

दुपारी वडीलधाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे डीचम्माच्या पदरात खडे टाकले आणि सासरच्या घरावर तिचा हक्क लागला. चेंगप्पाकाकांनी छाती काढून हे लग्न तिच्या प्रोग्रॅममध्ये नोंदवलं. बोप्पण्णाच्या आजीला, नीलम्माला, राहवेना. तिनं पुन्हा नवरानवरीची नावं घातली आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं वाचलं, "नातं नाही."

तिनं फोनवरून नजर उचलून नातवाकडे पाहिलं.

"बोप्पण्णा," आजी म्हणाली, "कुणाच्या पोरीला घेऊन चाललायस रे?"

मंडप हसून लोटपोट झाला. डीचम्मा तिपाईवरून उठलीच. "आजी, ते उत्तर सकाळचं आहे. मावशीनं विचारलेलं त्यानं सगळ्यांसाठी धरून ठेवलंय. मध्ये लग्न लागलं हे त्याच्या गावीच नाही."

"मी नोंदवलं की," काका म्हणाले.

"तुम्ही वंशावळीत नोंदवलंत, काका. तो तिकडे बघतच नाही, आठवेल ते ठोकून देतो."

"आमच्या ह्यांच्यासारखा," मावशी म्हणाली, आणि पुन्हा हशा.

चुलतबहिणीनं लॅपटॉप आणून दिला. लाल साडीतली नवरी, कोपरापर्यंत बांगड्या, त्या किणकिणवत तिनं एक ओळ घातली: लग्न किंवा जन्म नोंदला की जुनी उत्तरं सगळी विसरायची.

"पहिल्याच दिवशी विसरायला शिकवतेस," बोप्पण्णा कानाशी पुटपुटला. "माझं काय होणार?"

"तुझ्यासाठी वेगळी ओळ लिहीन."

आजीनं पुन्हा नावं घातली. 'नवरा-बायको.' ती फोन उंच धरून मंडपभर फिरली. मग जो तो आपलं नाव घालू लागला, कारण त्या एका लग्नानं निम्मा मंडप एकमेकांचा कुणी ना कुणी लागू लागला होता. दोन म्हातारे आपण आता व्याही लागतो हे कळून गळ्यात पडले.

बाहेर ढोल सुरू झाला. डीचम्मानं विहिरीवरून पाण्याची घागर डोक्यावर घेतली आणि सासरचे सगळे रिवाजाप्रमाणे तिची वाट अडवून नाचू लागले. एक पाऊल पुढे गेली की चौघे आडवे. घागर हिंदकळली, पाणी नाकावरून ओघळलं, आणि हसू आवरेना तसे तिचेही पाय ढोलाबरोबर पडू लागले. सासरचं घर समोर दिसत होतं, पण पोचायची घाई कुणालाच नव्हती, तिला तर मुळीच नाही.