बोटांचा वास

कोपऱ्यावरच्या टपरीशी एक माणूस सिगारेट विझवून, वेलदोडा चघळत स्वतःची बोटं हुंगत होता. मी थबकलो. तीस वर्षं मीही अशीच बोटं हुंगून, स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरायचो. बायकोच्या पाटल्यांचे पैसे धुरात गेले. ती कधी बोलली नाही. पण नातू झाला तेव्हा सून म्हणाली, "बाबा, आधी आंघोळ करून या, मग घ्या त्याला." ते मात्र फार लागलं. त्या दिवसापासून सिगारेटला शिवलो नाही.

घरी पोचलो तर नातवाच्या पाठची, तीन महिन्यांची नात रडत होती. सून म्हणाली, "बाबा, धरा हिला, दूध उतू जातंय."

सवयीने माझी बोटं नाकाशी गेली.

"हुंगताय काय? घ्या की पटकन!"

घेतली. त्या क्षणी आमच्या घरात माझ्याएवढा ताठ मानेचा माणूस दुसरा नव्हता.