घंटेचं चित्र असलेली पत्रं

आधी माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायचं होतं. ही वही मुलीच्या शाळेतली उरलेली आहे. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, मागच्या कोऱ्या पानांवर मी लिहिते आहे. कुणाला दाखवायला नाही लिहीत, पण कधी कुणाच्या हाती पडली तर अक्षराला हसू नये.

आम्ही इकडे कॅनडात, केंब्रिजला आलो तेव्हा यांना मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात काम मिळालं होतं. एका घराच्या बेसमेंटमध्ये राहायचो. हे शिफ्टला, मुलगी शाळेत आणि मी घरात. दुकानात गेले तरी वस्तू पुढे सरकवायची, नोट द्यायची आणि मान खाली घालून यायचं. कुणी दोन शब्द जास्त बोललं की माझे कान गरम व्हायचे.

दोन गल्ल्या सोडून काकू राहायच्या. काका जुन्या काळी आलेले इंजिनियर, ते वारले होते. मुलगा ओटावाला नोकरीला. काकूंनी पुण्यात शाळेत शिकवलं होतं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसायचा, कडेचं तेवढं थोडं दिसायचं. मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे पोळ्या करायला जायची. पहिल्याच दिवशी त्यांनी टपालाचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि हसून म्हणाल्या, "मला दिसत नाही, तुला दिसतं. आता माझं टपाल तू बघायचंस."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण असं काम मला जन्मात कुणी दिलं नव्हतं.

आकडे मला येत होते. मोठी इंग्रजी अक्षरं एकेक करून ओळखता यायची. बँकेचं पाकीट त्याच्या रंगावरून कळायचं, पाण्याचं बिल नळाच्या चित्रावरून. कुठलं आहे आणि किती आहे, एवढं सांगितलं की काकूंचं काम भागायचं. पर्सही त्या माझ्याकडेच द्यायच्या. "यातली विसाची काढ," म्हणायच्या, मी काढायची. पोळ्या झाल्या की चहा व्हायचा. माझ्या गावच्या गोष्टी त्या मला विचारायच्या आणि मी बोलायची. या देशात मी बोलायची ती त्या एका टेबलापाशी.

मग ती पत्रं यायला लागली. मॉलमध्ये कुणी एक पोरगी टेबल मांडून बसली होती, तिला काकूंनी नाव-पत्ता दिला होता. गॅस आणि विजेचे दर ताडून पाहून स्वस्त कुठे मिळेल ते कळवणारी कंपनी होती म्हणे. पत्रावर लाल घंटेचं चित्र असायचं आणि खाली हाताच्या बोटाएवढा मोठा आकडा. पहिल्या पत्रात चारशे ऐंशी होता. त्याच्या आधीचा शब्द मला येत होता. ग्रोसरीच्या जाहिरातीत तो रोज दिसायचा, सेव्ह. जाहिरातीत त्या शब्दापुढे दोन डॉलर लिहिलेले असले की काउंटरवर बरोबर दोन डॉलर कमी व्हायचे. एकदासुद्धा चुकलं नव्हतं. आमचं भाडं सगळं धरून होतं, त्यामुळे गॅसचं बिल कसं असतं ते मी पाहिलेलंच नव्हतं.

"काकू, वर्षाला चारशे ऐंशी वाचतात," मी सांगितलं.

त्यांनी तेव्हा मनावर घेतलं नाही. दर महिन्याला घंटा यायची आणि आकडा थोडा वाढायचा. पाचशे वीस झाले तेव्हा मीच म्हटलं, काकू, एवढे पैसे उगाच का घालवायचे. मला काहीतरी कळतंय आणि ते मी काकूंना सांगतेय, याचाच मला आनंद होता. मग फॉर्म आला. दोन पानं, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत पुष्कळ काही.

काकूंनी पानावरून बोट फिरवत विचारलं, "हे खाली बारीक काय लिहिलंय ग?"

मी पान डोळ्यांजवळ नेलं. वाचल्यासारखं केलं. आणि म्हटलं, "पत्ता आहे त्यांचा. फोन नंबर."

काकूंना सहीची रेघ दिसत नव्हती. मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं आणि पेन हातात दिलं. सही छान आली, सरळ. पाकीट मीच पोस्टात टाकलं.

त्या हिवाळ्यात बिल वाढलं. आम्हाला वाटलं थंडी जास्त आहे, म्हणून घर तापवणारा गॅसचा फर्नेस जास्त चालतोय. पुढच्या महिन्यात आणखी वाढलं. काकूंनी थर्मोस्टॅट खाली आणायला सांगितला, मी सोळावर आणला. त्या स्वेटरवर कोट घालून, कानटोपी घालून बसायला लागल्या. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ठेवायच्या. घंटेचं पत्र मात्र येतच होतं आणि त्यावर सेव्ह होतंच. मी आकडा वाचून दाखवला तेव्हा काकू म्हणाल्या, "बचत फारच व्हायला लागलीय. आता मला घरात बूट घालायला लागणार." आम्ही दोघी हसलो. पत्रातला आकडा आणि बिल मला मात्र जुळेना. कुणाला विचारावं तर काय विचारायचं तेही मला सुचत नव्हतं.

ईस्टरच्या सुट्टीत मुलगा आला. घरात शिरल्या शिरल्या त्याने विचारलं, हीट बंद पडलीय का. मग टेबलाशी बसून एकेक कागद वाचायला लागला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. मधलं दार उघडं होतं.

तो आईला समजावून सांगत होता ते मी तिथूनच ऐकलं. पाच वर्षांचा करार आहे. बांधून दिलेला गॅसचा दर शेजारी भरतात त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. मधेच सोडायचं तर दंड. आणि ते वाचणारे पैसे कुठल्यातरी सगळ्यात महाग दराशी तुलना करून काढलेले, तेही अंदाजे. हे सगळं पानाच्या खाली लिहिलेलंच होतं.

"आई, सही करताना तुला हे कुणी वाचून दाखवलं?"

"सही माझी आहे," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला विचारायचं कारण नाही."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. तवा खाली उतरवून मी बाहेर आले. हाताला पीठ तसंच होतं.

"काकू, मला इंग्रजी वाचता येत नाही. मी चौथी शिकलेय."

त्यांनी मान थोडी तिरकी केली. कडेनं पाहायचं असलं की त्या तशी करायच्या. "मग पत्ता आहे म्हणालीस ते?"

"अंदाजानं म्हटलं."

मुलगा कागदाकडे बघत राहिला. काकूंनी कागदावरचा हात मागे घेतला. मग अगदी हळू म्हणाल्या, "मला दिसत नाही, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलाने दंड भरून करार मोडला. मी त्याला किती नुकसान झालं ते विचारलं. तो नको नको म्हणाला, जाऊ द्या म्हणाला. मी दारातून हलेना तेव्हा त्याने पाकिटाच्या मागे आकडा लिहिला, नऊशे चाळीस. एवढे पैसे मी फेडणार, असं यांना घरी सांगितलं तेव्हा हे जेवता जेवता थांबले. मग म्हणाले, "तुझ्या हातच्या पोळ्या लोकांना आवडतात. शेजारच्या वॉटर्लूला कंप्युटरवाल्यांची घरं पुष्कळ आहेत." त्यांनीच कारखान्यातल्या एकाकडून चार घरं मिळवून दिली. काकूंच्या पोळ्यांचे पैसे मी घेणं बंद केलं, ते या नऊशे चाळीसमध्ये धरले नाहीत.

पहिले वीस डॉलर नेले तेव्हा काकू नको म्हणाल्या. मी नोट टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, "टेबलावर नको. हातात दे." मी दिली. त्यांनी नोटेच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. आंधळ्या माणसांसाठी इथल्या नोटांवर उंच ठिपके असतात, हे मला माहीत नव्हतं. विसाच्या नोटेला ठिपक्यांचे तीन पुंजके असतात. मुलाने त्यांना शिकवलं होतं. त्यांनी तीन मोजले आणि नोट स्वतः पर्समध्ये ठेवली. तेव्हापासून पर्स त्यांच्याच मांडीवर राहिली.

टपालाला रबरबँड लावून गठ्ठा खिडकीत ठेवलेला असायचा, मुलगा येईपर्यंत. चहा व्हायचा. काकू वाईट कधी वागल्या नाहीत. पोळी मऊ झाली म्हणायच्या, मुलीची चौकशी करायच्या. गावच्या गोष्टी मात्र विचारत नव्हत्या, आणि विचारल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं.

मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचा वर्ग लायब्ररीत होता, तिथे मी जायला लागले. लहान पोरांच्या पुस्तकापासून सुरुवात. दुसऱ्या वर्षी मला वाक्यं वाचता यायला लागली. भीतभीत काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "फार चांगलं केलंस." मनापासून म्हणाल्या. रबरबँड मात्र तसाच राहिला. एकदा गठ्ठ्यावर सगळ्यात वर घंटेचं पत्र होतं. मी उभ्या उभ्या पाकिटावरचा बारीक मजकूर वाचला. सगळा कळला. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शेवटचे चाळीस राहिले होते. काकू ओटावाला मुलाकडे राहायला जायच्या होत्या, घरात खोकी बांधून ठेवली होती. मी पोळ्या करून डब्यात भरल्या, हात धुतले आणि विसाच्या दोन नोटा त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी दोन्हींच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"नऊशे चाळीस झाले," त्या म्हणाल्या. "फिटले."

नोटा त्यांनी पर्समध्ये ठेवल्या आणि चेन शेवटपर्यंत ओढली.