लांडगा दिसेल एवढा कॅमेरा

आमच्या घरी कॅमेरा आला तो एका कुत्र्यामुळे. म्हणजे धाडच्या लोकांच्या मते कुत्र्यामुळे. बायकोच्या मते तो लांडगा होता.

धाड हे तिचं माहेर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळच्या एसटीनं बुलढाण्याहून निघायचं, दिवस भावाच्या शेतात काढायचा आणि संध्याकाळी परतायचं, असा तिचा परिपाठ होता. थंडीतल्या एका रविवारी ती हरभऱ्याची भाजी खुडत असताना शेतापलीकडच्या बांधावर एक जनावर येऊन उभं राहिलं. बांधाला बोरींचं रान माजलेलं आणि त्याच्या मागे गायरान. जनावराचे पाय लांब, अंग भुरकट, पाठीवर काळपट झाक, शेपूट सरळ खाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि काही घाई न करता ते पलीकडे उतरून गेलं. तेवढ्यात तिनं मोबाइलवर फोटो काढला. फोटोत बांध होता, बोरी होत्या आणि बोरींखाली एक तपकिरी ठिपका होता. तो लांडगा असू शकत होता. पोतंही असू शकत होतं.

भावानं फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला, आणखी मोठा केला आणि निकाल दिला.

"ताई, कुत्रं असन ते."

"कुत्र्याचं शेपूट वर राह्यते. याचं खाली होतं."

"मंग भेलं असन तुले पाहून."

हा विनोद माहेरच्या घरात चांगला महिनाभर टिकला. ती एसटीतून उतरली की भाऊ विचारी, "एकटीच आली? लांडगा मागच्या गाडीनं येऊन राह्यला काय?" अंगणातली भाकरी कोणी पळवली की ती ताईच्या लांडग्याच्या नावावर जमा होई. इथवर ठीक होतं. पण या घरात आजवर तिच्या शब्दाला वजन होतं. कोणाचं लग्न कुठं करायचं, कोणत्या पोराला कोणत्या शाखेत घालायचं, यावर शेवटचं मत तिचं असे. आता ती कोणत्याही विषयावर बोलू लागली की कोणी तरी हळूच विचारी, "शेपूट खाली होतं काय?" आणि विषय तिथेच संपे. भाचीच्या स्थळाबद्दलचं तिचं मतही असंच हशात वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "अहो, तुमचा तरी विश्वास आहे ना?"

माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानाच्या टेबलावर गेली. मी सांगितलं की दुसऱ्या सूत्राकडून दुजोरा मिळेपर्यंत 'लांडगासदृश प्राणी' इतकंच म्हणता येईल. दुपारच्या वरणात मीठ नव्हतं. जेवण झाल्यावर तिनं जाहीर केलं की कॅमेरा घ्यायचा, लांडगा दिसेल एवढा.

हे वाटतं तितकं सोपं नाही. लेन्स बदलायचे मोठे कॅमेरे असतात, पण गायरानापर्यंत पोचणारी लेन्स घ्यायला घरची स्कूटी विकूनही भागलं नसतं. राहिला सुपरझूम. एकच लेन्स, कॅमेऱ्यालाच जोडलेली. ती कासवाच्या मानेसारखी बाहेर येत जाते आणि एका पेन्शनीत बसते. माझी तयारी मी बातमीच्या शिस्तीत केली. आठवडाभर यूट्यूबवर परदेशी माणसांना चंद्राचे फोटो काढताना पाहिलं. इतकं कळलं की खोक्यावर झूमचे दोन आकडे असतात. पहिला काचेचा: भिंगं सरकतात आणि वस्तू खरोखर जवळ येते. दुसरा, मोठ्या अक्षरातला, नुसत्या ताणण्याचा: कॅमेरा स्वतःच फोटो कापून फुगवतो, जे काम मेहुण्यानं दोन बोटांनी फुकटात केलं होतं.

बुलढाण्यात कॅमेऱ्यांबद्दलचं सगळं ज्ञान लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे जमा आहे. आमच्या ओळखीचे एक स्टुडिओवाले भाई आहेत. आमच्या घरातली सगळी लग्नं त्यांनीच काढली. नवे-जुने कॅमेरेही विकतात. त्यांनी आधी विचारलं, "ऑर्डर कुठली आहे, साहेब?"

"लांडग्याची," बायकोनं सांगितलं.

भाईंनी क्षणभर विचार केला. "कार्यक्रम उघड्यावर आहे की हॉलमध्ये?"

"उघड्यावर. सकाळी. आणि पाहुणा जवळ येऊ देत नाही."

त्यांनी तीन कॅमेरे काउंटरवर मांडले. एक धिप्पाड, झूमचा आकडा शंभराच्या वर. एक खिशात मावेल असा, चपटा. तिसरा मधला, जुना, साठपट झूमचा, कोपऱ्यावर खरचटलेला. कोणी तरी सहलीसाठी घेतलेला आणि सहल संपल्यावर आणून दिलेला. भाईंचं मत धिप्पाडाला होतं. "हातात वजन पाहिजे, भाभी. हलका कॅमेरा पाहिला का समोरची पार्टी सीरियसली घेत नाही." माझंही मत त्यालाच होतं, कारण त्याचा आकडा सगळ्यात मोठा होता. तीनही कॅमेरे दोन दिवस घरी नेऊन पाहायला भाईंची ना नव्हती.

मी धिप्पाड घेऊन गच्चीवर गेलो. दूरच्या पाण्याच्या टाकीवरचं रंगवलेलं अक्षर अन् अक्षर वाचता आलं. तिथून पुढे पारव्यांवर आलो. पारवे शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसले होते. शेजारी महसूल खात्यातून निवृत्त झालेले, आवाज तसाच राहिलेला.

"काय हो, शूटिंग कोणाचं चालू आहे?"

"पारव्यांचं."

"पारवे आमच्याच गच्चीवर आहेत का?"

"सध्या तरी."

संध्याकाळपर्यंत त्यांची कपड्यांची दोरी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. सुपरझूमची ही बाजू कुठल्याच परीक्षणात आलेली नव्हती.

बायकोची तपासणी वेगळी होती. ती भर दुपारी तिघांना घेऊन रस्त्यावर गेली. चपट्याला डोळा लावायची खिडकीच नव्हती. मागच्या पडद्यावर उन्हात तिला फक्त स्वतःचा चष्मा दिसला. धिप्पाडाला खिडकी होती, पण पूर्ण झूमवर तो तिच्या हातात असा डुलू लागला की समोरच्या मेडिकलची पाटी लाटेवर चढल्यासारखी दिसे. शिवाय तो तिच्या डब्याच्या पिशवीत जाईना. मधला गेला. त्याला खिडकी होती, आणि कोपर पोटाशी टेकवून, श्वास सोडून धरला की पाटी स्थिर राहत होती. संध्याकाळच्या उजेडात मात्र तिघांचेही फोटो विस्कटलेल्या रांगोळीसारखे आले. या कॅमेऱ्यांच्या भिंगामागे उजेड टिपणारा भाग करंगळीच्या नखाहून लहान असतो. दिवस उतरला की त्याचा नाइलाज होतो.

"शंभराच्या जागी साठ?" मी म्हटलं.

"लांडगा साठात येतो," ती म्हणाली. "आणि तुम्हाला पारवेच बघायचे असतील तर आपली गच्ची आहे." खरचटलेला कॅमेरा घरी राहिला.

पहिले दोन रविवार वाया गेले. पहिल्या वेळी जनावर दुपारी दिसलं आणि तापलेल्या जमिनीवरच्या हवेतून त्याचा फोटो पाण्यात सोडलेल्या रंगासारखा आला. दुसऱ्या वेळी तिनं थेट पूर्ण झूम लावला आणि जनावर कुठं आहे हेच सापडेना. खिडकीत एक बोर होतं, फार मोठं. मग तिची पद्धत ठरली. आधी झूम कमी ठेवून जनावर चौकटीत धरायचं, मग त्याला न सोडता वाढवत जायचं. त्यानंतर ती शनिवारीच माहेरी मुक्कामाला गेली आणि पहाट फुटताच कापसाच्या पऱ्हाटीच्या आडोशाला जाऊन बसली. ऊन कोवळं होतं. जनावर बांधावर आलं, उभं राहिलं आणि तिनं ते टिपलं. मी नंतर पडद्यावर पाहिलं. लांडगा होता. डाव्या कानाला चीर होती, शेपूट सरळ खाली. टेबलावर असतो तर पहिल्या पानासाठी सुचवला असता.

तिनं माहेरी कोणाला चकार शब्द सांगितला नाही. तिला मोबाइलवरचं काही नको होतं. मोठा, कागदावर छापलेला, चौकटीतला फोटो भिंतीवर लावून मग बोलायचं होतं. तिनं मेमरी कार्ड भाईंकडे दिलं आणि सांगितलं, मोठा करा, चांगला करा.

भाईंनी चांगला केला. चार दिवसांनी चौकट मिळाली तेव्हा लांडगा हिरव्यागार लॉनवर उभा होता. डोळ्यांत चमक आली होती. अंग इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याला आत्ताच हळद लावून न्हाऊ घातलंय असं वाटावं.

"मागं नुसतं उजाड होतं, भाभी," भाई म्हणाले. "फोटो उठून येत नव्हता. आणि कान फाटका होता, तो जोडून दिला. त्याचे पैसे नाही घेतले."

"जुना फोटो? तसाच्या तसा? कार्डावर असेल ना?"

"कार्ड रिकामं करून ठेवलं. अल्बम दिला का आपण कार्ड साफ करतो. नाही तर एकाच्या लग्नात दुसऱ्याची वरात घुसते."

"आणि कॉम्प्युटरमध्ये?"

"फायनल आहे ना! कच्चा माल कोण ठेवते?"

त्यांच्या धंद्याच्या नियमानं यात काहीही चुकलं नव्हतं. आजवर कोणा नवरीनं आपला मूळ चेहरा परत मागितला नव्हता.

मी तिला ती चौकट नेऊ नको म्हणून सांगितलं. तिनं नेली, आणि मीही सोबत गेलो. मेहुण्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली, दोन पावलं मागं सरकून नीट न्याहाळली आणि म्हणाला, "ताई, हे कुत्रं तं तयार होऊन बसलं! वरात कुठं जाऊन राह्यली?"

घर हसलं. मीही हसलो असतो, पण तिचा चेहरा पाहिला आणि चहाच्या कपात पाहू लागलो. आता तिच्यावर 'कुत्र्याला लांडगा म्हणते' एवढंच नव्हतं, 'फोटो नेटवरून काढून आणला' हेही आलं होतं. ते दुसरं जास्त वाईट होतं. पहिल्यात फक्त तिची नजर चुकली होती.

"उद्या पहाटे तू माह्यासंग चाल," ती भावाला म्हणाली.

"मी कायले? भाऊजी आहेत ना."

"त्याइचं काम नाही. मले कुत्रं म्हणणारा पाह्यजे."

मोठ्या बहिणीचा हा आवाज त्या घरात अजून हुकूम म्हणूनच ऐकला जातो. पहाटे तिघं पऱ्हाटीआड बसलो. मेहुणा थंडीनं आणि अपमानानं आखडला होता. तंबाखू मळायला त्याला मनाई केली होती. उजेड पसरला, ऊन बांधावर आलं, आणि जनावरही आलं. तिनं झूम कमी ठेवून त्याला चौकटीत धरलं आणि कॅमेरा भावाच्या हातात दिला.

"काहीच दिसत नाही बे," तो कुजबुजला. बहिणीला बे म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही.

"झाकला त्यो डोळा उघड, उघडला त्यो झाक."

"हं. बांध दिसला. … हं, आहे. लहानसं आहे."

"आता त्याले सोडू नको. हळूहळू वाढव."

लेन्स बाहेर येत गेली. तो जागचा हलला नाही. त्याचं असं स्थिर बसणं ही त्या घरात दुर्मीळ गोष्ट आहे, म्हणून इथे नोंदवतो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ताई, हे मह्याकडं पाहून राह्यलं."

"काय आहे?"

"लांडगा आहे ना!" तो चिडून म्हणाला, जणू कोणी त्याच्याशी वाद घालत होतं. मग त्यानं घाईघाईनं सापडेल ते बटण दाबलं. जनावर तोवर वळलं होतं. फोटोत लांडग्याची मागची बाजू आणि शेपूट तेवढं आलं, तेही हललेलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावरून मोबाइलवर घेतलेला तो फोटो दुपारपर्यंत गावभर फिरला. खाली मेहुण्यानं लिहिलं होतं, 'आपल्या शिवारात लांडगा. फोटो मी स्वतः काढला.' बांध कोणता, हे लिहायचं नाही, असं तिनं त्याला बजावलं होतं. शेळ्यांवाले काठ्या घेऊन निघाले असते. फोटो भिकार होता म्हणूनच सगळ्यांनी मानला. बातमीच्या धंद्यात हे नवं नाही. चांगल्या फोटोवर लोक संशय घेतात. हललेल्या फोटोमागं खरा माणूस धावला असणार असं त्यांना वाटतं.

श्रेय भावानं घेतलं, याचं मला वाईट वाटलं तितकं तिला वाटलं नाही. पुढच्या रविवारी ओसरीवर बसलेला एक पाहुणा तो फोटो पाहून म्हणाला, "कुत्रं असन हो." मेहुणा खाटेवरून उठला. "कुत्रं? मह्या बहिणीनं पाह्यलं ते पहिले. तिनं लांडगा म्हटला म्हंजे लांडगा. शेपूट पाहाले शिका आधी." पाहुण्यानं ताबडतोब मान्य केलं. त्याच संध्याकाळी भाचीच्या स्थळाचा विषय निघाला. ती बोलली, कोणी काही विचारलं नाही, आणि स्थळाला नकार कळवायचं ठरलं.

आता लोक तिला फोटो पाठवतात. लोणार, चिखली, कुठून कुठून. मागच्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. त्याच्याकडे बीबी गावाहून त्याचे एक व्याही आले होते, त्यांच्या शेतातला फोटो त्यानं पाठवला होता, आणि सगळे फोनभोवती बसले होते. बायकोनं चष्मा लावला, फोटो पाहिला, मोबाइल उजेडाकडे नेऊन पुन्हा पाहिला.

"उजेड मागून आहे," ती म्हणाली. "काय आहे ते समजत नाही."

"ताई, लांडगाच असन."

"असन. पण दिसत नाही."

"म्हण ना लांडगा," मेहुण्याचा आवाज बारीक झाला. "व्याही आहेत. चहा पिऊन राह्यले."

"चहा पिऊ दे त्याइले. आणि त्याइले सांग, सकाळच्या उन्हात घ्या, सूर्य पाठीशी ठेवून."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचं ऐकू आलं. मग व्याह्यांचा आदबीचा आवाज आला, "ताई, सकाळी किती वाजता बसू?"