वांग्याचा तोडा
फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला, की मला भातकुलीजवळचं आमचं वांग्याचं वावर आठवतं. तेव्हा मी अमरावतीला तत्त्वज्ञान शिकत होते आणि त्या दिवशी परीक्षेसाठी बांधावर बसून नीतिशास्त्र पाठ करत होते: एक मत म्हणतं, जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल ते योग्य, दुसरं म्हणतं, सगळ्यांनी जसं वागावं असं वाटतं, तसंच आपण वागावं. तेवढ्यात लग्नाचा एक आचारी गाडी घेऊन आला. त्याला सगळी वांगी लगेच हवी होती. झाडं नुसती लगडली होती, पण बाबा म्हणाले, "परवाच फवारलं भाऊ, अजून तीन दिवस तोडत नाही." आचारी रागावून निघून गेला. त्या तोड्याच्या पैशांवर माझं अमरावतीला खोली घेणं ठरलं होतं, म्हणून मी चिडले. "धुऊन दिली असती, बाबा! कोणाला काय होणार होतं?" बाबांनी शांतपणे विचारलं, "तू खाशीन काय आज याची भाजी?" मी नकारार्थी मान हलवली. "मंग लोकायले कावून खाऊ घालू?" तीन दिवसांनी त्यांनी आधी घरी भाजी करायला लावली, स्वतः जेवले आणि मगच तोडा केला. तोवर वांगी निबर झाली होती, त्यांना भाव आला नाही. पुढचं वर्षभर मी एसटीनंच ये-जा केली. आता अकोल्याला मी तोच विषय शिकवते. परवा बाबांना वर्गात नेलं, तर टोपी हातात धरून तासभर मागच्या बाकावर बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "चांगलं शिकवून राहिली तू. पण इतकं अवघड करून कावून सांगता तुमी?"