बट्टी शिजली कुठे

जळगाव स्टेशनवर मला सोडायला आलेल्या घरच्यांच्या हातात माझ्या कपड्यांपेक्षा खाण्याच्या पिशव्या जास्त होत्या. नुकतंच लग्न झालं होतं, नवरा विजय नोकरीसाठी आधीच इंग्लंडमध्ये लीड्सला परतला होता आणि मी पहिल्यांदाच देशाबाहेर निघाले होते. आई रडत रडत बजावत होती, "पोहोचली का आधी खाय, मंग फोन कर." आबा रडले नाहीत. गाडी हलली तसे ते तिच्याबरोबर चार पावलं चालले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "डबे उनात नको ठेवजो." आमच्या असोदा गावच्या बापाला लेकीवरचं प्रेम सांगायला एवढं वाक्य पुरतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं की आम्ही इथे पाव-बटर खाऊन दिवस काढतो. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला माझा फ्रीजर उघडून दाखवायची गरज नाही. तुमच्याही फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम नसतं. घरी होते तेव्हा मी स्वयंपाकघरात पाय ठेवत नव्हते, आई ओरडून थकायची. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात भरताची इतकी आठवण झाली की सुपरमार्केटमधली जांभळी, गुळगुळीत वांगी आणून ओव्हनमध्ये घातली. आपल्या हिरव्या वांग्यांची सर त्यांना कुठली! पण लसूण-मिरची कुटली, शेंगदाणे टाकले, वरून कांद्याची पात घातली, आणि मी आणि विजयने पातेलं पुसून खाल्लं. तेव्हापासून मी स्वयंपाकीण झाले ती झालेच. आता ऑफिसातले लोकसुद्धा शेवभाजी मागून नेतात आणि नाक पुसत पुसत खातात.

फक्त एका माणसाने माझ्या घरचं कधी खाल्लं नव्हतं. माझ्या बापाने.

आमच्याकडच्या जुन्या माणसांत अजून एक रीत पाळतात. लेकीला मूल होत नाही तोवर आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही. मी सुट्टीत धुळ्याला सासरी असायचे तेव्हा आबा भेटायला यायचे, पाणी प्यायचे, फार आग्रह झाला तर चहा घ्यायचे आणि जेवायला परत असोद्याला जायचे. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पण आम्हाला मूल झालं नाही. ते होणार नाही हे आम्ही दोघांनी केव्हाच मान्य केलं आहे आणि आमचं छान चाललं आहे. रितीला मात्र हे कोण समजावणार? तिच्या हिशेबाने आबा माझ्या घरी जन्मभर उपाशीच राहणार होते.

गेल्या उन्हाळ्यात केळीची कापणी भावावर सोपवून आबा लीड्सला आले. आईला विमानाची धास्ती, ती आली नाही. आबांच्या बॅगेत दोन जोड कपडे, आणि बाकी सगळं भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, डाळ, तांदूळ, मसाला. रोज सकाळी ते माझ्या ओट्यासमोर उभे राहून स्वतःची खिचडी शिजवायचे, तीसुद्धा घरून आणलेल्या पातेल्यात. मी शेजारी उभी राहून माझी पोळी लाटायचे. एकाच गॅसवर बाप-लेकीच्या दोन चुली! मी हसून गोष्टी सांगत राहायचे, पण आतून फार लागायचं. इतक्या लांबून आलेल्या बापाला ताट वाढता येऊ नये, याचं दुःख कोणाला सांगितलं तर ते हसतील.

तोड काढली विजयने. धुळ्याचा माणूस, आडमार्गाने का होईना, पोहोचतोच. त्याने समुद्राकाठच्या एका गावात आठवड्यासाठी कॉटेज घेतलं. इथे सुट्टीला असं घर मिळतं, भांडीकुंडी, शेगडी सगळं असतं, स्वयंपाक आपला आपण करायचा. "आबा, ते घर आमचं नाही," विजय अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "तिथे आम्हीही पाहुणे आणि तुम्हीही पाहुणे."

आबांनी विचार केला. "म्हंजे धर्मशाळेसारखं. मंग तिथी जेवाले हरकत नाही."

मी इतकी हरखले की दुसऱ्याच दिवशी तयारीला लागले. सुट्टीत ओट्यापाशी अडकून पडायचं नाही, सगळं आधीच करून न्यायचं असं ठरवलं. बट्टीसाठी जाडसर गव्हाच्या पिठात थोडं मक्याचं पीठ, ओवा आणि मोहन घालून घट्ट मळलं, वळकट्या वाफवल्या, गार करून काप पाडले. वांगी भाजून, सोलून डब्यात गोठवली. शेवभाजीचा रस्सा काळा मसाला घालून उकळला आणि विटेसारखा गोठवला. शेव वेगळी बांधली, कारण ती आधी टाकली की लगदा होतो. शेंगदाण्याच्या चटणीची बरणी भरली. डाळ शिजवून घोटून ठेवली, म्हणजे तिथे नुसती फोडणी. निघायच्या सकाळी विजय गाडीशी उभा राहून अहिराणीत ओरडला, "बठ्ठं भराई गयं का?" सगळं भरलं होतं. आबांना पाय ठेवायलाही जागा उरली नव्हती.

कॉटेज पांढरं, बसकं, खिडकीतून समुद्र दिसणारं. मी पोहोचल्या पोहोचल्या टेबलावर डबे मांडले आणि मोठ्या ऐटीत एकेक झाकण उघडून आबांना दाखवू लागले. आबा बघत होते. मग त्यांनी बट्ट्यांच्या डब्यावर बोट ठेवलं.

"हे शिजवलं कुठी?"

"घरी," मी म्हणाले, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"तुह्या घरी."

"हो."

घर बदललं होतं, पण अन्न माझ्याच घरचं होतं. हुशारी करून सगळं आधी शिजवलं आणि जेवणाची एकुलती एक सबब माझ्याच हाताने घालवली. विजयने कपाळावर हात मारला. आबा काही रागावले नाहीत. "मले भूक नाही अजून. जरा पान्याकडे जाऊन येतो," म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

मी खिडकीतून बघत राहिले. पांढरं धोतर, त्यावर विजयचं निळं जॅकेट, आणि आबा वाळूत इकडून तिकडे येरझाऱ्या घालताहेत. कुत्र्यांना फिरवायला आलेली माणसं त्यांना हात करत होती आणि आबाही त्यांना हात करत होते. मला रडू आलं. डाळतांदूळ त्यांच्या बॅगेत होतेच, आता इथेही ते वेगळी खिचडी शिजवतील आणि आठवडाभर आम्ही शेजारी बसून वेगवेगळं जेवू असं वाटलं.

आबा परत आले ते थेट ओट्याशी गेले.

"कढई कुठी हाये?"

"कशाला, आबा?"

"हे काय, नुसतं वाफवलेलं पीठ हाये. तयल्याबिगर बट्टी होते का? तयू इथी, मंग ती इथली झाली." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलेही लय दिवसापासून खायाची व्हती."

मग काय विचारता! तेल मी तापवलं, बट्ट्या आबांनी सोडल्या. बट्टी कुस्करून त्यावर वरण आणि तूप घेऊन त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा मी आणि विजय त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आबा म्हणाले, "ओवा थोडा जास्त पडला." माझ्या आयुष्यात मला इतकी शाबासकी कोणी दिलेली नाही. त्यांनी चार बट्ट्या खाल्ल्या असतील, की पाच.

पुढच्या दिवशी भरीत "इथलं" ठरलं, कारण फोडणी इथे बसली. शेवभाजी तर सरळच होती, शेव इथे टाकली. चटणीच्या बरणीला मात्र कुठलीच पळवाट सापडेना. आबांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग झाकण उघडून भाकरीवर घेतली आणि कोणाला काही स्पष्टीकरण दिलं नाही. आम्हीही मागितलं नाही. वाळूत सतरंजी टाकून आम्ही जेवलो, शेजारच्या म्हातारीला बट्टी खिलवली. तिने ती जॅम लावून खाल्ली, आणि आबांनी तोंड फिरवून हसू दाबलं.

आठवडा संपला, आम्ही लीड्सला परतलो. डबे रिकामे होते. मी नव्याने कुकर लावला आणि मुद्दाम आबांकडे न बघता काम करत राहिले. विचारायची हिंमत नव्हती. नाही म्हणाले असते तर पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं. आबा हातपाय धुऊन आले, खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसून राहिले. मी ताट वाढलं. ते जेवू लागले.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन उचलला, आणि आईला पडद्यावर आधी दिसलं ते आबांचं भरलेलं ताट.

"कुठी जेवू राह्यले हो?" आईचा आवाज चढला.

मी इतकी वर्षं इथे आहे. तरी "घरी" म्हटलं की माझ्या मनात असोदा असतो आणि लीड्सला मी "आमच्याकडे" म्हणते. दोन्ही वाक्यं वापरायची सवय झाली आहे, तुम्हा निघून आलेल्यांना ती माहीत असेल. एक जागा सोडलेली आणि एक अजून न मिळालेली, यांच्या मधोमध राहायचं शिकून घ्यावं लागतं.

आबांनी घास गिळला.

"घरी," ते म्हणाले.

आईने चेहरा फोनजवळ आणून ताट नीट पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "मंग तिले म्हना, वरनावर तूप हात आखडून नको वाढू."

आबांनी ताट माझ्याकडे सरकवलं.