तलाव कोणी प्यायला

आमच्या गावच्या तलावाचा पाणकर माझ्या वडिलांच्या वयाचा होता. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी आणि किती जाईल, हे पाणकर ठरवतो. त्याच्या पूर्वजांनी तो तलाव बांधला होता आणि पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुठे झिरपते हे त्याला पायानंच कळायचं. मी त्याला काकाजी म्हणायचो. मी त्याच गावचा आणि तिथल्याच शाळेत मास्तर.

त्या वर्षी धानाची रोवणी कशीबशी आटोपली आणि पाऊस गेला तो गेलाच. श्रावणात वैशाखासारखं ऊन पडू लागलं. असं आधीही एकदोनदा झालं होतं, पण तेव्हा तलाव तारून न्यायचा. या वेळी तलावच खाली जात होता.

एका दुपारी शाळा सुटल्यावर काकाजी वर्गात आला. हातात बांबूची काडी होती आणि तिच्यावर तलावातलं पाणी मोजून विळ्यानं पाडलेल्या खुणा.

"गुरुजी, तुडूम मी सोताच्या हातानं बुजवलं," तो म्हणाला. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायचं तोंड. "एक थेंब बाहेर जात नाई. पाळ कोठी गळत नाई. तरी दोन दिवसाले बोटभर पानी उतरून राहिलं. माह्या बापाच्या वक्ताले असं नोहतं. काऊन?"

पुस्तकात तापमानवाढीचा धडा होता आणि तो मी त्याच आठवड्यात शिकवला होता. फळ्यावरचं चित्र पुसायचं राहिलं होतं. मी त्याला बाकावर बसवून सगळं सांगितलं. कोळसा जळतो, गाड्या धूर सोडतात, जंगल तुटतं. तो धूर वर साचून पृथ्वीवर गोधडी पांघरल्यासारखं होतं. आतली उष्णता बाहेर पडत नाही. पाऊस वेळेवर येत नाही, आला की एकदम कोसळतो, आणि मध्ये कोरडी गरम हवा पाणी ओढून नेते. पाणी साचलेल्या धानाच्या बांधीतूनही थोडा वायू निघतो, हेसुद्धा सांगितलं.

त्यानं काडीनं फळ्यावरच्या चित्राकडे दाखवलं.

"आपल्याही बांधीतून?"

"थोडा. जास्त धूर मोठ्या शहरांचा, कारखान्यांचा."

"धूर त्यायचा, आन तलाव आमचा," तो म्हणाला. मग उठताना त्याच्या चेहऱ्यावर हलकंसं समाधान दिसलं. "बरं झालं इचारलं. लोक मले चोर म्हणून राहिले. आता तुमीच सांगजा."

मी हो म्हणालो.

चार दिवसांनी समाजमंदिरात सभा भरली. माझा चुलतभाऊ उठला. काकाजी जावयाच्या शेताकडे चोरून पाणी सोडतो, असं तो म्हणाला. त्यानं ते पाहिलं नव्हतं. पण त्याला पाणकर व्हायचं होतं, आणि आमच्या भावकीच्या बांध्या तलावापासून सगळ्यात शेवटी होत्या. काकाजीच्या पद्धतीत पाणी आमच्यापर्यंत शेवटी पोचायचं. चुलतभावानं आदल्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं, "मी झालो तं आपल्या बांधीले पानी आंधी." माझं धान पिवळं पडत चाललं होतं.

काकाजीनं काडी पुढे केली. "पानी हे ऊन पेते. मास्तरले इचारा."

सरपंच माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकलेले. एवढं पानी उन्हानं उडते का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. काकाजी सगळ्यात निवांत होता. आता हा बोलेल आणि मिटेल, असं त्याच्या बसण्यावरून दिसत होतं.

"उडतं," मी म्हणालो, "पण इतकं नाही उडत."

एवढंच बोललो. कुणी मला धमकावलं नव्हतं.

पुढचं झटपट झालं. चुलतभावानं काडी काकाजीच्या हातातून ओढून गुडघ्यावर मोडली. कुणीतरी म्हणालं, तलावात नेऊन उभं करा याला, दाखवू दे पाणी कुठे गेलं ते. त्याला भर दुपारी तलावाच्या उघड्या पडलेल्या गाळात नेलं. पागोटं काढायला लावलं. घोटाभर चिखलात तो उभा आणि पाळीवर गाव हसत होतं. त्याची म्हातारी पाण्याचा गडू घेऊन आली, तिला बायांनीच अडवलं. उन्हं कलेपर्यंत त्याला तसं ठेवलं. मीही पाळीवर होतो, पळसाच्या सावलीत.

त्याचं पाणकरपण गेलं आणि सुगीला घरोघरचं मिळायचं ते धानही गेलं. चुलतभावानं तुडूम उघडून पाणी आधी आमच्याकडे वळवलं. पंधरा दिवसांत तलावाचा तळ दिसला. गावातलं निम्मं धान वाळलं, काकाजीच्या बांधीतलं तर पार जळालं. माझं पिकलं. नवा तांदूळ आम्ही घरात सगळ्यांनी पोटभर खाल्ला.

दिवाळीआधीच काकाजी म्हातारीला घेऊन गाव सोडून गेला. तलाव पुढच्या वर्षी आणखी लवकर आटला, त्याच्या पुढच्या वर्षीही. तेव्हा पाणी कुणी चोरलं, हे कुणी विचारलं नाही. आता लोक म्हणू लागले, निसर्गच बदलला.

तो मला तीन वर्षांनी गोंदियाला दिसला. एका राइस मिलच्या सिमेंटच्या अंगणात उकडलेलं धान वाळत घातलं होतं आणि तो अनवाणी पायांनी ते फिरवत होता. वैशाख होता. उभं राहिलं तर माझ्या चपलेतून चटका लागत होता. तो वाळला होता. तळव्यांची कातडी फाटून पांढरी झाली होती. म्हातारी आदल्या उन्हाळ्यात ऊन लागून गेल्याचं त्यानं मी विचारल्यावर सांगितलं.

मी म्हणालो, "काकाजी, माझं चुकलं. त्या दिवशी मी खोटं बोललो."

तो थांबला नाही. अंगणाच्या टोकापर्यंत धान फिरवत गेला, तसाच परत आला.

"तुमाले मालूम नसतं तं मी माफ केलं असतं, गुरुजी," तो म्हणाला. "तुमाले तं सारं मालूम होतं. मले बाकावर बसवून तुमीच शिकवलं."

मी काहीतरी बोलू लागलो, तर त्यानं हातानं बाजूला व्हायची खूण केली. मी धानावर उभा होतो.